खिरणीच्या पानाची खाच

चंद्रिका मिसने जन्मात एकच खोटं रचून पाहिलं, आणि तेही तिच्या अंगाशी आलं.

शाळेच्या मैदानामागे मोडकी बाकं टाकायची जागा होती. तिथे इथल्याच मातीतल्या झाडांचं छोटं रान उभं करायचं तिने मनावर घेतलं, तेव्हा सगळी स्टाफरूम हसली होती. पण तंजावरच्या मराठी घरातली ही बाई हट्टाची मोठी. "पोरं पानं पुस्तकात बघून काय शिकणार, डोंबल!" म्हणाली आणि कामाला लागली.

गेल्या नोव्हेंबरात, चेन्नईचा पाऊस ऐन भरात असताना, पोरांनी आईबापांसोबत रोपं लावली. सहावीतल्या अदितीने आपल्या बाबांबरोबर खिरणी लावली. बाबा म्हणजे पुष्कर, नाशिकहून इथल्या गाड्यांच्या कारखान्यात नोकरीला आलेला. शर्ट चिखलाने माखेपर्यंत त्याने खड्डा खणला आणि पाटीवर गिचमिड अक्षरात लिहिलं, 'अदितीची खिरणी'. मग दर शुक्रवारी विज्ञानाचा तास रानातच. पाटी वाचायची नाही, डोळे मिटून पान ओळखायचं. खिरणीच्या पानाला शेंड्याशी बारीक खाच असते. अदितीला ती बोट लावताच सापडायची.

एप्रिलमध्ये पुष्कर कारखान्यातच कोसळला आणि गेला. उणंपुरं चाळिशीचं वय हो त्याचं! त्याची बायको कल्पना लेकीला घेऊन नाशिकला गेली. तिथून अदितीचा फोन आला.

"मिस, बाबांच्या झाडाला पाणी घालाल ना?"

"घालीन गं कण्णा, माझ्या बाळा. माझ्या हाताने घालीन."

आणि घातलंही. पण मे महिन्यात भाचीच्या लग्नाला म्हणून ती आठ दिवस तंजावरला गेली. वॉचमनला बजावून गेली होती, पण नेमकी शाळेची बोअर आटली. परत आली तर खिरणीची पानं करपून गळलेली. तिने नखाने साल खरवडून पाहिली. आत हिरवं काही उरलं नव्हतं. पोरीचं एवढंसं मागणं, तेही आपल्याच्याने झालं नाही, या विचाराने तिला अन्न गोड लागेना.

नर्सऱ्या पालथ्या घातल्या, खिरणी कुठेच मिळेना. शेवटी बकुळीचं तेवढंच रोप आणून तिने त्या खड्ड्यात लावलं. पाटी जशी होती तशीच ठेवली. बकुळ आणि खिरणी जवळची नातलगच, लांबून कोणाला कळणार?

जूनमध्ये कल्पना दाखला न्यायला आली. चेन्नईचं घर आवरलं होतं, रात्रीची गाडी होती. अदिती सोबत होती, वाळलेली, गप्प.

"झाड दाखवा ना मिस," कल्पना म्हणाली. "महिनाभर एकच धोशा लावलाय हिने."

पाय ओढत चंद्रिका मिस दोघींना रानात घेऊन गेली. पाटी दिसताच कल्पनाचा बांध फुटला. ते गिचमिड अक्षर ती पुन्हा पुन्हा हाताने चाचपत राहिली. "बघ गं, बाबांचं झाड! केवढं टवटवीत आहे!"

अदिती खाली बसली. सवयीने डोळे मिटले, पान चिमटीत धरलं आणि बोट शेंड्यापर्यंत नेलं. शेंडा टोकदार होता. तिने दुसरं पान धरलं, मग तिसरं. मग डोळे उघडून मिसकडे पाहिलं.

अय्यो, आता ही रडणार, आता सगळं सांगणार! चंद्रिका मिसने मान खाली घातली.

कल्पना फोटो काढायला चार पावलं मागे सरकली, तेवढ्यात अदिती उठून मिसच्या अगदी जवळ आली.

"कधी मेलं?" तिने हळूच विचारलं.

"मेमध्ये," मिस पुटपुटली. "चुकलं गं माझं."

अदितीने डोळे पुसले. "आईला नका सांगू," ती म्हणाली, आणि फोटोसाठी बकुळीशेजारी जाऊन उभी राहिली.