लाइन क्लिअर

मी गार्डचा डबा बोलतोय. गाडीच्या अगदी शेवटी गार्ड बसतो, तो डबा. पण खरा नव्हे. प्रदर्शनातल्या छोट्या गाडीचा, हाताच्या पंजाएवढा. बिस्किटांच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून गार्डसाहेबांनी मला घडवलं. डब्याचाच डबा झालो म्हणा ना!

तेव्हा ते नुकतेच निवृत्त झाले होते. जेवणाच्या टेबलावर रंग सांडायचे. काकू ओरडायच्या आणि मग स्वतःच माझ्या खिडक्यांना पांढऱ्या कडा काढत बसायच्या. छोट्या गाड्यांचं प्रदर्शन जवळपास कुठेही भरो, आम्ही तिघं हजर. मी खोक्यात, साहेब रेल्वेच्या गप्पांत आणि काकू जांभया देत.

गेल्या वर्षी साहेबांना पक्षाघाताचा झटका आला. हातपाय सावरले, पण वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, "येईल हळूहळू." सात महिने झाले, एक शब्द नाही. मी कपाटात धूळ खात पडलो.

एका रविवारी काकूंनी मला पुसून पर्समध्ये टाकलं. "अहो, उठा. शाळेच्या हॉलमध्ये गाड्या आल्यात."

तिथे टेबलं जोडून रूळ मांडले होते. मला एका मालगाडीच्या शेवटी जोडलं आणि मी बोगद्यातून, पुलावरून सुसाट निघालो. इतक्या दिवसांनी!

फळ्याजवळ एक शिक्षिका रेल्वेतून रोजच्या बोलण्यात आलेले शब्द समजावून सांगत होत्या. 'हिरवा कंदील' त्यांनी बरोबर सांगितला. मग म्हणाल्या, "एखाद्या कामाला 'लाइन क्लिअर' मिळाली म्हणतो ना आपण? म्हणजे रूळ झाडून साफ केलेत, येऊ द्या गाडी!"

"चूक!"

सगळे वळले. काकूंच्या हातातला चहा हिंदकळला.

"साफ नाही... मोकळी," गार्डसाहेब एकेक शब्द ओढून काढत होते. "पुढचं स्टेशन... कळवतं. वाट मोकळी. मगच... गाडी सुटते."

शिक्षिकेने कान पकडले. "चुकलंच हो, काका. आणखी सांगा ना."

काकू रडत होत्या की हसत होत्या, मला धावता धावता नीट दिसलं नाही. एवढंच ऐकलं: "सात महिने विनवतेय, हूं की चूं नाही. दुसऱ्याची चूक काढायची म्हटल्यावर बरं तोंड उघडलं!"

"सवय," साहेब म्हणाले.

आता प्रत्येक प्रदर्शनात फळ्याजवळची खुर्ची त्यांची. जीभ अजून अडखळते, पण गप्पा काही थांबत नाहीत. माझा रंग उडालाय, एक चाक कुरकुरतं, तरी मजेत आहे. तुम्ही कधी आलात, तर मला नंतर बघा. आधी त्यांना काहीतरी विचारा. उत्तर तुम्हाला ठाऊक असलं, तरी विचारा.