रत्नावतीवरचा नववा

समुद्र कुठं आहे असं बोरगुंट्यात विचाराल, तर लोक लेंडी नदीचा रस्ता दाखवतील, आणि तिलाही आठ महिने पाणी नसतं. देगलूरपासून दहा-बारा किलोमीटरवरचं गाव. शेजारीण मराठीत भांडायला लागली तर दुसरी कानडीत उत्तर देणार, असला कारभार. आणि अशा गावात, स्टँडसमोर, आगबोटीचं स्मारक! देगलूरचे लोक खो खो हसले. हसू द्या की. त्यांच्या गावची नऊ माणसं गेली होती का बोटीवर?

बोरगुंट्याची गेली होती. निजामाच्या राज्यात, दुसरं महायुद्ध चालू असताना, ही माणसं मुंबई गाठून 'रत्नावती' नावाच्या आगबोटीवर कोळसा टाकायच्या कामाला लागली. दुश्मनानं ती भर समुद्रात बुडवली. इतिहासाच्या पुस्तकात तिच्यावर एक ओळ सापडायची नाही, पण गावाला सगळं तोंडपाठ: आठ बुडाले, एक वाचला. वाचला तो संगप्पा. गळ्यातलं लिंग मुठीत धरून दोन दिवस पोहत राहिला म्हणे.

हा संगप्पा म्हणजे पंचाक्षरी मास्तरांचा आज्जा. मास्तर रिटायर होऊन पाच वर्षं झाली, तरी दर सव्वीस जानेवारीला शाळेच्या माइकवर आज्जाची गोष्ट सांगायला तेच. लाट आली की असे हात फेकायचे की पहिल्या रांगेतली पोरं मागं सरकायची. स्मारकाची कल्पना त्यांची, कमिटीचे अध्यक्ष ते, आणि सिमेंटची बोट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीसारखी झाली म्हणून मिस्त्रीला झापलं तेही त्यांनीच. रविवारी उद्घाटन ठरलं होतं. काळ्या दगडावर आठ नावं कोरून झाली होती. वरच्या बाजूला, मोठ्या अक्षरात, आज्जाचं नाव तेवढं बाकी होतं.

बुधवारी सकाळी सरजाबाई आली. ब्याऐंशी वर्षांची, बौद्धवाड्यातली. ओट्याच्या पायरीवर टेकली आणि नेहमीचंच बोलली.

"मास्तर, तुमच्या पोरीनं मागवलेत त्या बोटीच्या कागदात माझ्या बापाचं नाव निघतंय का बघा की. मरीबा राणबा. उजव्या मनगटावर इंचू गोंदला होता, असं आई सांगायची."

"मावशी, कितींदा सांगू? तो बोटीवर गेलाच न्हाई."

"हाव, तुमच्या आज्जानंच सांगितलं होतं तसं," म्हातारी म्हणाली. "तरी येकडाव बघा."

आज्जानं काय सांगितलं होतं? मरीबा त्याच्याच शेतात राबायचा, त्याच्याबरोबर मुंबईपर्यंत गेला, आणि तिथं कुण्या बाईच्या नादी लागून पळाला. सरजाबाई तेव्हा आईच्या पोटात. जन्मली ती पळपुट्याची पोर म्हणूनच. विहिरीवर तेच, शाळेत तेच. दोनदा सोयरीक मोडली ती त्याच पायी. आईनं मरेपर्यंत दुसऱ्याच्या रानात खुरपलं आणि मान खाली घातली. आता सांगा, ऐंशी वर्षं एवढं ऐकून घ्यायचं म्हणजे काय चेष्टा आहे का?

त्याच दुपारी मास्तरांची लेक सृष्टी लातूरहून आली. तिथं कॉलेजात शिकते. तिनंच परदेशातल्या एका संग्रहालयाला पत्रावर पत्रं पाठवून 'रत्नावती'वरच्या माणसांची यादी मागवली होती. यादी आली होती. कागद मास्तरांपुढं धरून ती म्हणाली, "अप्पा, यात वाचलेलं कुणीच नाही. आपल्या गावचे नऊच्या नऊ बुडाले. पणजोबासुद्धा."

"ह्या! गोऱ्यांनी घोळ घातला असंल," मास्तर हसले. "बुडालेल्या माणसाच्या खांद्यावर मी खेळलो कसा मग?"

"थांबा, प्रत्येकाच्या अंगावरची खूण पण लिहिली आहे." तिनं बोट ठेवून वाचलं. "संगप्पा. वय चोवीस. राहणार बोरगुंटा. उजव्या मनगटावर गोंदलेला विंचू."

मास्तरांचं हसू तिथंच वाळलं.

आज्जा गेला पंच्याऐंशी साली. लिंगायतांत मेलेल्याला जाळत नाहीत. आंघोळ घालतात, विभूती लावतात, डाव्या तळहातावर त्याचं लिंग ठेवतात आणि जिता माणूस बसावा तसा समाधीत बसवतात. ती आंघोळ पंचाक्षरीनं घातली होती, तेवीस वर्षांचा असताना. दोन्ही मनगटांवर विभूतीची तीन-तीन बोटं त्यानंच ओढली होती, हळूहळू, रडत. मनगट कोरं होतं. विंचू नाही, साधा ठिपकासुद्धा नाही.

मग बाकीचं उलगडायला कितीसा वेळ लागतो? बोटीवर चढायचा पास आज्जाच्या नावाचा. गोदीवर पोचल्यावर आज्जाचं धाडस सरलं. त्या नावावर चढला मरीबा, आणि कागदावर खूण लिहिली गेली ती त्याच्या मनगटावरची. बोट बुडाल्याचं कळल्यावर आज्जा गावी परतला, आणि मेलेला माणूस जिता कसा, असं लोक विचारायच्या आत त्यानं पोहायला सुरुवात केली. मरीबा कुठं आहे, हे विचारणाऱ्या त्याच्या बायकोचंही तोंड बंद करणं भाग होतं.

"अप्पा, कमिटीला मी सांगू?" सृष्टीनं विचारलं.

"तू काई बोलू नको," मास्तर म्हणाले आणि कागद कपाटात टाकला.

गुरुवारी ते घराबाहेर पडले नाहीत. खोटं कशाला बोला, कागद फाडायचंही मनात येऊन गेलं. ज्या आज्जाच्या मांडीवर वाढलो, ज्यानं पाटीवर पहिलं अक्षर गिरवून घेतलं, त्याला आता गावासमोर उघडा पाडायचा? आणि स्वतःचं काय? चाळीस वर्षं पोरांना जे सांगितलं ते? शुक्रवारी दगड कोरणाऱ्याचा फोन आला, "मास्तर, वरचं नाव घालू का?" मास्तर म्हणाले, "थांब जरा." पायांत चपला सरकवल्या आणि तडक बौद्धवाडा गाठला.

सरजाबाई दारात शेंगा फोडत होती. "जय भीम, मावशी," म्हणून मास्तर तिच्यासमोर खाली जमिनीवरच बसले. ती गडबडून उठू लागली, तर त्यांनी तिचा हात धरला आणि सगळं सांगितलं. विंचवाचंही सांगितलं.

तिनं हातातली शेंग खाली ठेवली.

"आई मेली तवा बी बाया कुजबुजत होत्या," ती म्हणाली. "तिच्या कानात कुणी सांगावं आता?"

"माफी मागून राहिलो, मावशी."

"मला एकटीला काऊन सांगून राहिलेत? मी तर कवाच मानलं न्हवतं." तिनं हात सोडवून घेतला. "गावानं जिथं ऐकलं, तिथंच सांगा. त्या माइकवर."

रविवारी स्टँडसमोर सगळं गाव लोटलं. कमिटीतल्या दोघांनी मास्तरांना बाजूला घेऊन समजावून बघितलं: मरीबाचं नाव घालू खाली, पण आज्जाचंही राहू द्या की वर, कुणाचं काय जातंय! मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. दगडावर आता नऊ नावं होती, एकाच मापाच्या अक्षरांत. वरची जागा कोरीच राहिली.

माइकवर मास्तरांनी कागद वाचून दाखवला. आज हातवारे नव्हते. संगप्पा बोटीवर चढले नाहीत, त्यांच्या नावावर मरीबा राणबा गेले, एवढं त्यांनी सांगितलं. माणसं एकमेकांकडं बघायला लागली. मग त्यांनी एकेक नाव पुकारलं, आणि ठरल्याप्रमाणं त्या-त्या घरचं माणूस उठून "हाजर" म्हणू लागलं. आठ झाले.

"मरीबा राणबा."

सरजाबाई नातवाच्या खांद्याला धरून उभी राहिली. हाजर म्हणायचं होतं, दोन दिवस तेच घोकलं होतं तिनं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"पळाला न्हवता माझा बाप!"

मास्तरांनी माइक दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"न्हाई, मावशी," ते म्हणाले. "पळाला तो माझा आज्जा."