मी, बत्तीस इंचांच्या दाराचा करार

मित्रांनो, मी एक करार आहे. नाकं मुरडू नका! करार म्हटला की मोठ्या माणसांचं काहीतरी रुक्ष, शिक्क्यांनी भरलेलं बाड तुमच्या डोळ्यांसमोर येतं, हे मला ठाऊक आहे. मी तसला नाही. मी रेघी वहीची दोन पानं आहे, कोपऱ्यात टाचणी टोचलेली. आणि आज मला इतका आनंद झालाय की ती टाचणी नसती तर मी केव्हाच पंख्याखाली उडत सुटलो असतो. का ते सांगतो, पण पहिल्यापासून सांगू द्या.

माझा जन्म शिलाई मशीनच्या फळीवर झाला. या घरातली सून कपडे शिवते. तिचे सासरे म्हणजे अप्पा. अप्पांनी तीस वर्षं ट्रक चालवला. गेल्या वर्षी पाठीला मार बसला आणि पायांनी साथ सोडली. आता ते चाकांच्या खुर्चीत असतात, पण स्वभाव ड्रायव्हरचाच. खुर्ची मागे घेताना स्वतःच "येऊ द्या, येऊ द्या" म्हणतात. घरभर त्यांचा संचार, फक्त बाथरूम सोडून. तिथलं दार अरुंद आणि उंबरठा चांगला वीतभर उंच. त्यामुळे मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, त्यांना उचलून आत नेई. तेवढा वेळ अप्पा डोळे घट्ट मिटून घेत. ते कधी काही बोलले नाहीत, पण दिवसेंदिवस पाणी कमी पिऊ लागले. सुनेच्या ते लक्षात आलं आणि तिने ठरवलं, आता बाथरूम नवीन करायचं.

ठेकेदार आले. त्यांना सगळे मामा म्हणतात. हाताला कसब, मनाला खोट नाही, पण कागद दिसला की अंगावर काटा.

"वहिनी, लिहायचं काय त्यात? पंचवीस वर्षं तोंडी कामं केली मी. शब्द म्हणजे शब्द!"

"मामा, तोंडी मापावर मी साधा ब्लाउज बेतत नाही. तुम्ही तर भिंत कापणार आहात."

मामांनी हात टेकले. सुनेने चार कोरी पानं घेतली, दोन-दोन पानांमध्ये कार्बन घातला आणि लिहायला लागली. मित्रांनो, काय गुदगुल्या होत होत्या म्हणून सांगू! उंबरठा काढायचा. फरशी खरखरीत, पाय किंवा चाक न घसरणारी. भिंतीला धरायला दोन दांड्या. मग दाराची पाळी आली. तिने गळ्यातली टेप काढली आणि म्हणाली, "अप्पा, हात चाकांवर ठेवा बघू, खुर्ची चालवताना ठेवता तसे." एका हाताच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या हाताच्या कडेपर्यंत माप भरलं एकोणतीस. त्यात तीन इंच ढिलाई धरून तिने लिहिलं, दार बत्तीस इंच.

"आणि काम पूर्ण झालं कधी म्हणायचं, तेही लिहून टाका, म्हणजे झालं!" मामा हसत म्हणाले.

"लिही गं," अप्पा म्हणाले. "मी एकटा आत जाईन, दार लावीन, आणि एकटा बाहेर येईन. कुणी खुर्चीला बोट लावायचं नाही. तेव्हा काम पूर्ण."

मामांचं हसू ओसरलं. त्यांनी सही केली, शेजारी सुनेने केली. मी घरात राहिलो आणि माझा जुळा भाऊ, कार्बनच्या निळ्या अक्षरांचा, मामांच्या खिशात गेला.

त्यानंतर मला कुणी विचारलं असेल तर शपथ! काम सुरू होईपर्यंत कराराची वाट बघायची आणि काम सुरू झालं की त्याला विसरायचं, ही जगाची रीतच आहे. मी मशीनशेजारच्या फळीवर बॉबिनच्या डब्याखाली पडून होतो. एकदा माझ्यावर गरम चहाचा कप ठेवला गेला. त्याचा गोल डाग अजून आहे, पाहा. पण खोटं कशाला बोलू, मी रुसलो नाही. पलीकडे छिन्नी-हातोडा वाजायचा, जुना उंबरठा तुटायचा, आणि माझ्यातली एकेक ओळ खरी होताना मी कान देऊन ऐकायचो. कागदावरच्या शब्दाला याहून मोठं सुख नाही.

तीन आठवड्यांनी नवी चौकट आणि दार बसलं. सगळे जमले. मुलाने खुर्ची ढकलली आणि ती सहज आत गेली.

"बघा, लोण्यात सुरी गेल्यासारखी!" मामा म्हणाले.

"आता मी," अप्पा म्हणाले. त्यांनी हात चाकांवर ठेवले, जोर लावला आणि चौकटीला घासून दोन्ही हातांची सालटी निघाली. पुन्हा प्रयत्न केला, तेच. शिवाय आत उघडणारं दार खुर्चीला अडत होतं, ते लावायचं कसं? अप्पांनी हात मांडीवर झाकून घेतले आणि हळूच म्हणाले, "राहू दे. ढकलून जाते ना खुर्ची? मग झालं तर. एवढं काम झालंय, आता कुठे परत तोडता."

मित्रांनो, माझा जीव तीळतीळ तुटला. अप्पा बोलताना भिंतीकडे बघत होते.

सुनेने बॉबिनचा डबा बाजूला सारला आणि मला उचललं! मामांनीही खिशातून माझा भाऊ काढला. बिचारा घामाने आणि सिमेंटने ओळखू येत नव्हता. टेप लागली. भिंतीतली मोकळी जागा बरोबर बत्तीस इंच निघाली. चौकटीने दोन्हीकडून अडीच-अडीच खाल्ले आणि हाती उरले सत्तावीस.

"वहिनी, मी बत्तीसच ठेवलेत. आमच्यात माप भिंतीचं धरतात, चौकट त्यात बसते."

"आणि आमच्यात तयार कपड्याचं धरतात, मामा. शिलाईचं कापड वेगळं सोडायचं असतं."

दोघांचंही खरं होतं. चूक असेल तर माझीच. माझ्या अंगावर आकडा होता, पण तो कुठून कुठपर्यंत, ते कुणी लिहिलं नव्हतं. मी शरमेने चुरगळून जायच्या बेतात होतो. तेवढ्यात मामांचं बोट घसरत शेवटच्या ओळीवर आलं. 'एकटा आत जाईन.' खाली त्यांचीच सही. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली आणि खांद्यावरचं फडकं झटकलं.

"चौकट काढतो," ते म्हणाले. "सरकतं दार लावू, भिंतीच्या बाहेरून. कडा गुळगुळीत करायला अर्धा-अर्धा इंच जाईल, तरी एकतीस उरतात. पण वहिनी, दार सरकायला ही भिंत मोकळी लागेल."

त्या भिंतीला सुनेचं मशीन होतं. खिडकीच्या उजेडातली तिची इतक्या वर्षांची जागा! तिने क्षणभर खिडकीकडे पाहिलं आणि पदर खोचला.

"धरा त्या बाजूने," ती नवऱ्याला म्हणाली.

आणि ऐका गंमत! मामाच ओरडले, "थांबा! आधी लिहा. दार सरकतं, मोकळी जागा एकतीस, कडेपासून कडेपर्यंत. द्या इकडे, मीच लिहितो." कागदाला घाबरणाऱ्या त्या माणसाचं ते वेडंवाकडं अक्षर माझ्या अंगावरचा सगळ्यात सुंदर दागिना आहे.

तर मित्रांनो, हे सगळं चार दिवसांपूर्वीचं. आज सकाळी दार बसलं. अप्पांनी हात चाकांवर ठेवले, "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत थेट आत गेले, दार सर्रकन सरकलं आणि आतून कडी लागली! सुनेने तोंडाला पदर लावला. रोज त्यांना उचलणारा मुलगा रिकाम्या हातांचं काय करावं ते न कळून नुसताच उभा राहिला.

अप्पा बाहेर येईपर्यंत तुम्हाला एक सांगून घेतो. उद्या तुम्ही घरं बांधाल, भिंती हलवाल. समोरचा माणूस कितीही भला असो, ठरलेलं लिहून ठेवा. माप कुठून कुठपर्यंत तेही लिहा आणि ते कुणासाठी आहे तेही लिहा. आणि लिहिलेला कागद अधूनमधून उघडून वाचा हो! आम्ही भांडणासाठी जन्मलेलो नसतो. दोन भली माणसं दोन वेगळ्या गोष्टी समजून बसतात, तेव्हा त्यांना एका ओळीवर आणायला आम्ही असतो.

बराच वेळ झाला. आतून बादलीचा आवाज येतोय, अप्पा मोठमोठ्याने गातायत, सूर कशाशी खातात ते माहीत नसल्यासारखे. मुलाला आता राहवत नाही. तो दार वाजवतो.

"अप्पा, झालं का? येऊ का मी?"

"अरे, आत माणूस आहे! घाई असेल तर शेजारी जा!"

मामा मला मांडीवर घेऊन, पेनाचं टोपण काढून बसलेत. अप्पा एकटे बाहेर आल्याशिवाय त्यांना 'काम पूर्ण' लिहिता येत नाही. आणि अप्पांनी तर आत्ता कुठे दुसरी बादली लावली आहे.