आजचे पाहुणे : एक

तारवाल्यांचं सगळं आयुष्य खांबावर चढून लोकांचे टेलिफोन जोडण्यात गेलं. बायको गेल्यावर हातांना काम उरलं नाही, तेव्हा त्यांनी एक जुना कॉम्प्युटर तिच्या शिलाई मशीनखाली बसवला आणि त्यावर घरच्या घरी वेबसाइट उभी केली. रोज सकाळी तिचा एक फोटो चढवायचा. दूर राहणाऱ्या लेकीला पत्ता कळवून ठेवला होता. आणखी कुणाला कळवणार, होतं कोण?

आलं-गेलं मोजायलाही त्यांनी त्यावरच एक प्रोग्राम टाकला होता. त्यातून स्वतःचा कॉम्प्युटर वगळला होता, आपणच आपल्याला मोजण्याइतके ते खुळे नव्हते. स्क्रीनवर रोज उमटायचं, आजचे पाहुणे : एक. म्हणजे लेक येऊन जाते तर! तारवाल्यांचा अख्खा दिवस त्या एकावर निघायचा. फोनवर मात्र त्यांनी तो विषय कधी काढला नाही. उगाच पोरीला अवघडल्यासारखं व्हायला नको.

टॅबलेटवर बातम्या वाचताना जाहिराती फारच नाचायला लागल्या, तेव्हा लेकच म्हणाली, "बाबा, ब्लॉकर टाका. कटकट मिटेल."

त्यांनी टाकला. कटकट मिटली. दुसऱ्या दिवशी पाहुणे शून्य. तिसऱ्या दिवशीही शून्य. तारवाल्यांनी लेकीला फोन लावला.

"तब्येत बरी आहे ना तुझी?"

"मला काय झालंय?"

"नाही, दोन दिवस फोटो बघायला आली नाहीस, म्हणून."

"बाबा, मी एकदाही उघडलेलं नाही ते. आईला असं बघवत नाही मला अजून."

"बरं. नको बघूस," ते म्हणाले. "जेवलीस का?"

फोन ठेवल्यावर त्यांची नजर उशीजवळच्या टॅबलेटवर गेली. दुपारी आडवं होऊन ते त्यावर तोच फोटो पुन्हा बघायचे. कॉम्प्युटर वगळला, टॅबलेट वगळायचा राहून गेला. आणि ब्लॉकरला कुठलं घरचं न् कुठलं परकं. जाहिरातींबरोबर आलं-गेलं मोजणारं काही दिसलं की तेही अडवायचं. इतके महिने येणारा पाहुणा ते स्वतःच होते. त्यांना आधी हसू आलं, मग डोळे भरून आले.

चष्मा पुसून त्यांनी ब्लॉकरमध्ये आपल्या साइटला सूट दिली आणि आजचा फोटो उघडला. चिमटा दातांत धरून बायको दोरीवर चादर टाकत होती.

आकडा एक झाला. कोण आलं ते ठाऊक होतं. तरी दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या त्यांनी आधी आकडाच बघितला.