हौसरावांच्या रानाची हिरवी खूण

"पाच मिनिटांत लावून देतो," असं म्हणत विक्रमनं माझ्या हातातला फोन ओढूनच घेतला. विचारायचीही पद्धत नाही.

नकाशा उतरवला, ग्लायडर कोणतं ते निवडलं, क्लबची उतरायच्या रानांची फाइल घातली, झालं. सोपं होतं, कबूल आहे मला. बिनइंजिनाचं हे विमान आता कुठवर तरंगत जाईल, ते फोनच सांगतो. उतरायच्या रानापर्यंत उंची पुरत असेल तर त्या रानावर हिरवी खूण येते, नसेल पुरत तर लाल.

"आन् ही रानं यंदा बघून कोण आलंय?" मी विचारलं.

आमच्या क्लबची रीत अशी, की हंगामाच्या आधी कुणीतरी मोटरसायकलवर जाऊन फाइलमधलं एकेक रान पायानं तुडवून यायचं. नवा खांब, नवी विहीर, उभा ऊस, सगळं बघायचं आणि मालकाशी बोलायचं. फाइल फोनात आली आणि सगळ्यांचे पाय जड झाले. आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय.

"सगळं हाय फाइलमधी. तू उगा खुसपटं काढती," विक्रम म्हणाला. "उडायचं हाय का न्हाई? न्हाई म्हण, अपेक्षाला पाठवतो तुझ्या जागी."

अपेक्षा त्याची धाकटी बहीण, माझ्यासारखीच नवशिकी. दौंडजवळची आमची धावपट्टी त्याच्या वडिलांच्या, हौसरावांच्या जमिनीवर आहे. म्हणून क्लब त्यांचा, ग्लायडर दोरानं वर ओढणारी विंच त्यांची, आणि वारासुद्धा त्यांच्याच बापाचा. कुरकुंभच्या कंपनीत पाळ्या बदलून घेऊन मी या एका लांबच्या उड्डाणाची वाट बघत होते. राग गिळला आणि आत बसले. तीच चूक झाली.

भीमा ओलांडेपर्यंत वर चढणारी हवा मिळत गेली. न्हावऱ्याच्या अलीकडं ती अशी मेली, की ग्लायडर दगडासारखं बसायला लागलं. फोनवर बघितलं. सगळीकडं लाल, एकच खूण हिरवी. ती हौसरावांच्या न्हावऱ्यातल्या रानाची. लग्नात पहिला मान लागतो तसं त्यांनी आपलं रान फाइलमध्ये सगळ्यांच्या वर घालायला लावलं होतं. तालुक्यात असं सपाट रान नाही म्हणे.

वरून ते काळंभोर, नुकतंच नांगरल्यासारखं दिसत होतं. मी वळले, खाली आले. ती माती नव्हतीच. आटलेल्या शेततळ्याचं काळं प्लास्टिक होतं ते, आणि भोवती तारेचं कुंपण. अगं आई गं! परत वर जायला इंजिन कुठंय? शेजारी काढलेल्या कांद्याचं रान दिसलं, तिकडं कसंबसं वळवलं. चाक तुटलं, पंख बांधावर आपटला आणि मी पट्ट्यांना लटकत राहिले.

कांद्याची मालकीण सोजराबाई खुरपं घेऊन धावत आली. "मेली का जित्ती हाय गं?"

"जित्ती हाय, मावशी."

"मग माझ्याच कांद्यावर मरायला आलतीस व्हय? तिकडं त्या हौसरावाच्या तळ्यात पडायचं की! मागल्या उन्हाळ्यात खणलंय, वापर तरी झाला आस्ता." शिव्या देत देतच तिनं मला बाहेर ओढलं आणि तांब्याभर पाणी दिलं.

विक्रम ट्रेलर घेऊन आला. सोबत अपेक्षा होती. त्यानं आधी तुटलेला पंख बघितला, मग मला.

"रानात तळं हाय, ठाऊक होतं तुला?" मी विचारलं.

"व्हय," तो बांधाकडं बघत म्हणाला. "पर आबांचं रान फाइलमधनं काढलं तर ते घर डोक्यावर घेतील. क्लबातली समदी माणसं ती फाइल बघत्यात. आन् तू नेमकी तिथंच उतरशील आसं कुणाला वाटलं?"

"हिरवी खूण दावल्यावर काय तुझ्या डोक्यावर उतरू?"

तेवढ्यात अपेक्षानं स्वतःचा फोन पुढं केला. "ताई, कुठली खूण? माझ्यात तर आपलं रानच न्हाई."

मी बघितलं. नकाशा तोच, फाइल तीच, बाकीची सगळी रानं जागच्या जागी. हौसरावांचं तेवढं नव्हतं. मी विक्रमकडं वळले.

"हिच्यातलं तू काढलंस?"

"हातानं काढलं. तिच्या एकटीच्या फोनातलं आबांना काय कळतंय."

"आन् माझ्यातलं?"

"बहीण हाय ती माझी," तो म्हणाला. जसं काही मला ते माहीतच नव्हतं.

मी त्याच्या मुस्काटात दिली. अपेक्षानं मला अडवलं नाही.