बरणीतलं आलं

कापडाच्या टोकाशी थेंब लोंबत होता, पडत नव्हता. पिठाच्या पिशवीचं ते कापड सुखदईनं तीनदा उकळून नरसाळ्यावर ताणून बांधलं होतं, तरी वाइन झिरपायचं नाव घेत नव्हती—ऑगस्टात परसातली जांभळं साखरेत घातली, आता नाताळ चार दिवसांवर, टोरांटोची लेक-जावई परवा येणार, म्हणजे बाटल्या आज भरायलाच हव्यात. तिनं चमच्यानं गाळ बाजूला सारला. बिया, फुगलेले मनुके, लवंगा, संत्र्याची साल... आणि आल्याची चकती.

आलं?

आलं जिंजर बियरमध्ये घालतात. जांभळाच्या वाइनमध्ये सासूनं कधी घातलं नव्हतं, तिनंही तीस वर्षांत नाही. तिनं बोटांनी चाचपलं—आणखी एक, आणखी... चांगलं मूठभर निघालं, सोलून पातळ कापलेलं. दुसऱ्या कुणी टाकलं म्हणावं, तर सासूचा नियम कडक होता: ज्या हातानं फळ घातलं त्याच हातानं बाटली भरेपर्यंत बरणीला शिवायचं, दुसरा हात लागला की वाइन नासली. म्हणजे आपणच. फडकं सोडून साखर ढवळल्याचं आठवत होतं, त्या दिवशी शेजारची कोंबडी स्वयंपाकघरात शिरल्याचंही आठवत होतं, पण आल्याच्या जागी काहीच नव्हतं.

माईचं, तिच्या आईचं, असंच सुरू झालं होतं. भातात मीठ दोनदा पडायचं, सगळे हसायचे, माईही हसायची, आणि मग एका दुपारी ताटावरून मान वर करून तिनं पोटच्या पोरीला विचारलं, "बाई, तुम्ही कुणाच्या?" तेव्हा माई बासष्टची होती. मी अठ्ठावन्न... म्हणजे अजून चार वर्षं? असं काही ठरलेलं असतं का?  तिनं मुठीतलं आलं पदराआड लपवल्यासारखं ॲप्रनमध्ये गुंडाळलं.

"झाली का गाळून? का पाद्रीबाबांना सांगू नाताळ पुढं ढकलायला?" तिचा नवरा देवनरेन धुतलेल्या रमच्या बाटल्या छातीशी धरून दारात उभा होता.

"देव, बरणीत आलं निघालं."

त्याची नजर क्षणभर—अगदी क्षणभर—तिच्या ॲप्रनकडे गेली. मग बाटल्या ठेवत म्हणाला, "अगं, ते मीच टाकलं."

"तू?"

"मीच म्हणतो ना! म्हटलं यंदा जरा झटका असू दे. जावई बर्फातनं येणार बिचारा."

"आणि अम्माचा नियम?"

"अम्मा गेली वर. तू जाऊन चुगली करणार आहेस का?"

तिला हायसं वाटलं, पण ते फार टिकलं नाही. हा माणूस आंबासुद्धा सालीसकट खातो, हा आलं सोलत बसला? आईच्या धाकानं ज्यानं तीस वर्षांत बरणीच्या कपाटाला हात लावला नाही, तो?... मागच्या महिन्यात गॅस दुपारभर चालू राहिला, तेव्हा "मीच विसरलो." किल्ल्या फ्रिजमध्ये सापडल्या, "मीच ठेवल्या घाईत." नळ, छत्री, विजेचं बिल... मीच, मीच. कधीपासून चाललंय हे याचं? तिला त्याचा भयंकर राग आला, आणि त्याच वेळी तो फार आपला वाटला.

तो कोरडी झालेली बाटली पुन्हा पुसत होता. तिच्याकडे बघत नव्हता.

"लबाडा," ती म्हणाली, "नरसाळं धर नीट."

त्यानं दोन्ही हातांनी धरलं. वाइन आता बारीक धारेनं उतरू लागली. तो खोटं बोलतोय हे मला कळतंय, तिनं स्वतःला बजावलं, म्हणजे अजून सगळं शाबूत आहे. पण एक दिवस हा असाच "मीच" म्हणेल, मला ते खरंच वाटेल, आणि नियम मोडला म्हणून मी त्याच्यावर रागवेन... अगदी मनापासून रागवेन.