दहा फुटांवरचा नवरदेव

चष्म्याच्या दुकानात उभा जन्म घालवलेला माणूस मुलगी पाहायला नेऊ नये. वामनरावांनी हे बहिणीला आधीच बजावलं होतं. पण मामाशिवाय जायचं कसं, म्हणून जयमालाने त्यांना नांदुऱ्याहून गाडीत घातलंच. मुलीचं गाव, जानेफळ, आलं तसा तिने मुलाला, हर्षलला, चष्मा काढायला लावला. डोळ्यांत घालायच्या लेन्स आणल्या होत्या, पण त्यांनी डोळे लालबुंद झाले, म्हणून त्याही निघाल्या. चष्म्याचं घर तिच्या पर्समध्ये गेलं.

"अवं, त्याचा नंबर चार हाय," वामनराव म्हणाले. "त्याले तिथं काय दिसन?"

"पाहाले आपण हावो नं, भाऊ!"

चार नंबर म्हणजे काय, हे वामनराव गिऱ्हाइकांना सोप्या हिशेबाने सांगत. एका मीटरला नंबराने भागायचं. जे येईल तेवढ्यावर नजरेची हद्द. चाराने भागलं की वीतभर येते. वितीपलीकडचं सगळं या मुलाला धुक्यातल्या वावरासारखं.

घरात स्वागत झालं, पोहे आले. पोहे घेऊन आलेली मुलगी, प्रेरणा, दिसायला छान होती. पण वामनरावांची नजर गेली ती तिच्या नाकाकडे. दोन्ही बाजूंना चष्म्याने पाडलेले खळगे होते, पावडरीनेही न बुजलेले. कोणी बोललं की ती आवाजाच्या दिशेने वळे आणि पापण्या किंचित मिटे. अर्धवट मिटल्या पापण्यांच्या फटीतून उजेड बारीक होऊन आत जातो, फिसकटलेली रेघ जरा ठळक होते. लांबचं न दिसणारी माणसं ही युक्ती कोणी न शिकवता शिकतात.

जयमालाने तिच्या हातात पेपर दिला. प्रेरणाने तो तोंडाजवळ धरून घडाघडा वाचून दाखवला. वाचणारच, उणे नंबराला जवळचं कुठे अडतं? जयमाला मात्र खूश झाली.

मुलगा एका भिंतीला, मुलगी दुसऱ्या भिंतीला, मध्ये चांगलं दहा फुटांचं अंतर. वामनराव भाच्याच्या कानाशी झुकले.

"कशी वाटली?"

"चांगली हाय, मामा."

"नाक कसं हाय?"

हर्षलने थोडा विचार केला. "हाय की."

वामनरावांना हसू आलं. दोन घरं लग्न जमवायला बसली होती आणि ज्यांचं लग्न, त्यांनी एकमेकांचं तोंडही पाहिलं नव्हतं. बोलावं तर बहीण वर्षभर तोंड फिरवून बसेल. झाकली मूठ सव्वा लाखाची. गप्प राहावं तर ही पोरं थेट अंतरपाट सरकल्यावरच एकमेकांना पाहणार. मुलीची आई, अन्नपूर्णाबाई, पेढ्यांचा डबा घेऊन आली तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही.

"थांबा हो, ताई. पोरी, तुहा चष्मा घालून ये. जयमाला, याचाबी दे."

अन्नपूर्णाबाईंचा चेहरा पडला, जयमालाचा तापला. प्रेरणा उठली, आत गेली आणि चष्मा लावून आली. जाड काचांआड तिचे डोळे लहान दिसत होते, गालाची कड काचेत आत सरकली होती. सहा नंबर, वामनराव मनाशी म्हणाले. हर्षलनेही चष्मा चढवला. दोघांनी एकमेकांकडे न लाजता, नीट पाहिलं. हर्षल हसला. मामांना फार बरं वाटलं.

"तुमाले कोनं काढाले लावला?" प्रेरणाने विचारलं.

"आईनं."

"माहाबी आईनंच." तीही हसली. "पण आता मी काढनार नाही. लग्नाच्या फोटोतबी नाही. चालन तुमाले?"

नुसतं हो म्हणायचं होतं. हर्षलने आधी आईकडे पाहिलं.

दहा फुटांवरून प्रेरणाला ते स्वच्छ दिसलं.

"राहू द्या," ती म्हणाली, आणि पोह्यांच्या बश्या गोळा करू लागली.